पहिली बोलावणी, रात्री दोन वाजता

दारामागच्या खिळ्याला नोटीस आठ दिवस लटकत होती, आणि एर्मेतेने ती एकदाही पूर्ण वाचली नव्हती. चिटणीस लेआर्कोने लिहिलेली, म्हणजे आत काय असणार हे त्याला माहीत होतं. विषय पहिला, मंडळ बरखास्त करणे. विषय दुसरा, तळघर बॅगा सांभाळणाऱ्या कंपनीला देणे. विषय तिसरा, इतर.

बोलोन्या स्टेशनच्या मागच्या अंगाला, बारा पायऱ्या उतरून हे तळघर. नाव ‘शेवटची गाडी’. ज्यांची शेवटची गाडी चुकली त्यांनी पहिली गाडी येईपर्यंत इथे बसायचं, प्यायचं आणि नाचायचं, असं एकतीस वर्षं चाललं होतं. एर्मेते रेल्वेत ब्रेक जोडणारा फिटर होता. तळघर त्याची बायको निवेस हिने शोधलं, आणि नावही तिनेच दिलं. कागदोपत्री हा बार नव्हता, मंडळ होतं. शहरातले रात्रीचे निम्मे अड्डे तसेच चालतात. दारात नाव-गाव लिहून कार्ड घ्यायचं, मग तुम्ही गिऱ्हाईक नाही, सभासद.

निवेस मार्चमध्ये गेली. काउंटरशेजारी तिची तबकडी वाजवायची पेटी होती. एर्मेतेने त्या रात्री पेटीवर टेबलाचं कापड टाकलं, ते नोव्हेंबर आला तरी काढलं नव्हतं. दार तो रोज उघडायचा, पाव कापायचा, ग्लास पुसायचा. घरी पलंगाची एक बाजू रिकामी होती. इथे निदान माणसं होती. पण नाच बंद झाला तसे जुने सभासद यायचे बंद झाले. वर्गणी भरायचे, निवेसच्या नावाखातर, आणि घरी बसायचे.

उद्या अकराला सभा. जुन्यांपैकी पाच-सहा येतील, लेआर्को ठराव वाचेल, हात वर होतील, संपलं. एर्मेतेने मनातून ते मान्यच करून टाकलं होतं.

शनिवारची ती रात्र धुक्याची होती. एकच्या सुमाराला पायऱ्यांवर धडधड झाली आणि एकोणीस माणसं एकामागून एक खाली आली. सगळ्यांच्या अंगावर एकसारखी लाल जॅकेटं, एकाच्या काखेत पितळी चषक, एकाच्या पाठीवर अकॉर्डियनची पेटी.

‘‘आग लागली का कुठे?’’ काउंटरमागून योलेने विचारलं. साठीची योले गेली वीस वर्षं इथे ग्लास भरत होती आणि कशालाच दचकत नसे.

‘‘आमच्या नशिबाला,’’ पुढची मुलगी म्हणाली. तिचं नाव झ्देन्का. स्लोव्हेनियातल्या एका गावचं हे हौशी अग्निशमन दल, पाण्याच्या नळ्या गुंडाळायच्या स्पर्धेत तिसरं आलेलं. ‘‘चषक उपाहारगृहात विसरला. तो आणायला एक गेला. त्याला शोधायला चार गेले. गाडी गेली.’’

‘‘पुढची चार बावन्नला,’’ एर्मेते म्हणाला. ‘‘बसा. कार्डं भरा आधी.’’

एकोणीस कार्डं भरली गेली. मंडळाचा अध्यक्ष म्हणून एर्मेतेने प्रत्येकावर सही केली. आठ प्रवासी आधीपासून कोपऱ्याकोपऱ्यात पेंगत होते. अग्निशमन दलाने पांढरी वाइन मागितली आणि सॉसेजचे पाव मागितले, आणि मग जरा वेळाने झ्देन्काने ते विचारलं जे कोणी विचारू नये असं एर्मेतेला वाटत होतं.

‘‘काका, बाहेर पाटीवर लिहिलंय, रात्रभर नाच. नाच कुठाय?’’

‘‘पाटी जुनी आहे.’’

झ्देन्का उठली, भिंतीवरचे फोटो बघत फिरली आणि दारामागे नोटिशीपाशी थांबली. ती सरहद्दीलगतच्या गावची, इटालियन तिला शाळेपासून येत होती. तिने नोटीस पहिल्या ओळीपासून वाचली, एर्मेतेने जी आठ दिवसांत वाचली नव्हती ती सगळी.

‘‘काका, ही सभा तर आज आहे.’’

‘‘उद्या. अकराला.’’

‘‘ती दुसरी बोलावणी. पहिली बोलावणी रविवारी पहाटे, रात्री दोन वाजता. म्हणजे,’’ तिने घड्याळ बघितलं, ‘‘अजून चाळीस मिनिटांनी.’’

योले हसायला लागली. एर्मेतेही बऱ्याच दिवसांनी हसला. ‘‘अगं पोरी, ते तसंच लिहायचं असतं. पहिल्या बोलावणीला निम्म्याहून जास्त सभासद लागतात. तेवढे कधी जमत नाहीत. म्हणून ती अशा वेळेला लावायची की कुणी येऊच नये. मग दुसऱ्या दिवशी जे येतील त्यांच्यावर काम होतं. इमारतींच्या सगळ्या सभा अशाच होतात. लेआर्को चौदा इमारतींचा हिशेब बघतो, त्याच्या हाताला तीच सवय.’’

‘‘रात्री दोन वाजता कुणी येत नाही म्हणून दोन,’’ झ्देन्का म्हणाली.

‘‘बरोबर.’’

‘‘इथे.’’

‘‘हो, इथे.’’

झ्देन्काने एकदा खोलीभर नजर फिरवली. लाल जॅकेटवाले पाव खात होते. कोपऱ्यात कुणी घोरत होतं. ‘‘काका, इथे रात्री दोनलाच माणसं असतात.’’

योलेच्या हातातला ग्लास तसाच राहिला. एकतीस वर्षं लेआर्को वर्षातून एकदा अशी नोटीस लावत होता, आणि एकतीस वर्षं त्या पहिल्या बोलावणीच्या वेळी याच खोलीत माणसं गच्च भरून नाचत होती. कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

‘‘पण हे प्रवासी,’’ एर्मेते म्हणाला. ‘‘यांना मत कुठलं?’’

योलेने गल्ल्याखालचा खण ओढला. आत मंडळाची घटना होती, निवेसच्या अक्षरात, निळ्या शाईत. योलेने चष्मा कपाळावरून नाकावर आणला. ‘‘कलम सात. प्रवासी सभासद हा त्याची गाडी सुटेपर्यंत सभासद राहील. तोवर त्याला सगळे हक्क.’’ तिने बोटाने दाखवलं. ‘‘सगळे, याच्याखाली तिने रेघ मारलीय.’’

एर्मेतेला ती रेघ आठवली. निवेस स्वयंपाकघरात टेबलावर लिहीत होती. लेआर्को समोर बसून म्हणत होता, अगं एका रात्रीच्या माणसाला हक्क कशाला, नुसतं कार्ड दे. आणि निवेस म्हणाली होती, घरात घेतलं तर पुरतं घेईन, उंबऱ्यावर उभं करणार नाही. मग तिने पट्टी न घेता रेघ मारली होती. लेआर्कोने ती बघून तोंड वाकडं केलं होतं.

नाच नसला तरी, माणसं नसली तरी, हे तळघर होतं तोवर तिची एक तरी गोष्ट चालू होती. उद्या इथे फळ्या ठोकतील आणि त्यावर बॅगा.

‘‘किती लागतील?’’ एर्मेतेने विचारलं.

योलेने सभासदांचं रजिस्टर उघडलं. सप्टेंबरपासूनचं नवं. ‘‘कायमचे सभासद शेहेचाळीस. त्यातले आपण दोघं इथे. बाकी चव्वेचाळीस घरी झोपलेत. त्यांच्यापेक्षा एक तरी जास्त पाहिजे. पंचेचाळीस.’’

‘‘आत्ता आहेत किती?’’

‘‘हे एकोणीस, ते आठ, आणि आपण. एकोणतीस.’’

‘‘सोळा कमी,’’ झ्देन्का म्हणाली आणि तिने स्लोव्हेनियनमध्ये खोलीला काहीतरी सांगितलं. पावाचा शेवटचा घास तोंडात कोंबून अख्खं दल उभं राहिलं. दिवसभर नळ्या गुंडाळून तिसरं यायचं दुःख त्यांना होतं. हे काम त्यांना आवडलं.

पुढचा अर्धा तास पायऱ्यांनी फार सोसलं. स्टेशनवर जे कोणी बाकावर दिसलं त्याला हे लाल जॅकेटवाले विचारत होते, ‘‘सभा? सभा?’’ कारण त्यांना तेवढाच शब्द शिकवला होता. लोकांना वाटलं स्टेशन रिकामं करतायत. एक पाद्रीबुवा आणि त्यांची थोरली बहीण आली, बहिणीच्या हातात मांजराची टोपली. पाच परिचारिका आल्या, रिमिनीहून मैत्रिणीचं लग्न उरकून, पायात चपला आणि हातात उंच टाचांचे बूट. एक शिंगवादक आला, त्याला वाटलं वाजवायचं आहे. दोघे डच सायकलवाले सायकली खांद्यावर घेऊन पायऱ्या उतरले. चौघं विद्यार्थी आले, त्यांनी मतदान म्हटल्यावर काहीच विचारलं नाही. एर्मेते सह्या करत होता. दहाव्या कार्डापासून त्याच्या नावाचा शेवट गळायला लागला.

‘‘मांजराचं कार्ड करता येईल का?’’ योलेने विचारलं.

‘‘नाव-गाव सांगता आलं तर,’’ पाद्रीबुवा म्हणाले.

दोनला सात मिनिटं असताना योलेने डोकी मोजली. मग पुन्हा मोजली. ‘‘त्रेचाळीस.’’

‘‘दोन कमी,’’ एर्मेते म्हणाला.

‘‘स्टेशनात आता कुणी नाही. एक पोलीस आहे, तो म्हणतो ड्यूटीवर सभासद होता येत नाही.’’ योलेने आवाज खाली आणला. ‘‘एर्मेते, दोन नावं लिहून टाकते. पाहिजे तर निवेसचं लिहिते. ती असती तर सगळ्यात पुढे बसली असती. कोण बघतंय?’’

‘‘तीच बघेल,’’ एर्मेते म्हणाला. ‘‘नको.’’

तो हात पुसून उठला. ‘‘इतिवृत्ताची वही लेआर्कोकडे आहे. वहीशिवाय सभा नाही. मी त्याला उठवतो.’’

‘‘वेडा झालास? दोन कमी असताना त्याला बोलावतोस? तो बघेल, हसेल आणि वर जाऊन झोपेल.’’

‘‘तो चिटणीस आहे. आणि त्याचं घर डोक्यावर आहे. त्याच्या नकळत इथे सभा घेतली तर ती चोरी.’’

त्याने बाहेर जाऊन पहिल्या मजल्याची घंटा दाबली. बऱ्याच वेळाने खिडकी उघडली.

‘‘कोण मेलंय?’’ वरून लेआर्कोचा आवाज.

‘‘कुणी नाही. पहिली बोलावणी आहे. वही घेऊन खाली ये.’’

‘‘पहिल्या बोलावणीला कुणी येतं का रे गाढवा?’’

‘‘आलेत.’’

खिडकी लागली. लेआर्को खाली आला तो रात्रीच्या पायजम्यावर तपकिरी झगा, पायात लोकरीच्या सपाता, काखेत वही, कानावर शाईचं पेन. वय त्र्याहत्तर. त्याच्या वहीत एकतीस वर्षांत एकही खाडाखोड नव्हती, आणि हे तो ओळख करून देताना नावाच्या आधी सांगायचा. निवेस गेल्यावरही त्याने तिच्या नावावर काट मारली नव्हती. जुनं रजिस्टर सप्टेंबरपर्यंत तसंच ठेवलं, आणि नव्यात ते नाव उतरवलं नाही. एर्मेतेच्या हे लक्षात आलं होतं. दोघं त्यावर कधी बोलले नव्हते.

त्याने खोली बघितली. सायकली बघितल्या, मांजर बघितलं.

‘‘हे सभासद?’’

‘‘कलम सात,’’ योले म्हणाली.

लेआर्कोने कार्डं मागितली, एकेक तपासलं, प्रत्येक सही उजेडात धरली. ‘‘ही सही कुणाची? एर्म.’’

‘‘हात दुखला.’’

‘‘ग्राह्य.’’ त्याने वही टेबलावर उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि घड्याळाकडे बघितलं. दोन वाजले. ‘‘पहिली बोलावणी. उपस्थिती मोजतो. सगळ्यांनी जिथे आहात तिथे थांबा, फिरायचं नाही.’’ तो भिंतीपासून सुरू झाला, बोटाने एकेक डोकं टिपत पूर्ण खोली फिरला, काउंटरपाशी योले आणि एर्मेतेला टिपलं, आणि शेवटी, चौदा इमारतींच्या सवयीने, पेनाचं टोक स्वतःच्या छातीला लावलं. ‘‘चव्वेचाळीस.’’ त्याने अंकात लिहिलं, अक्षरात लिहिलं, खाली रेघ मारली आणि फुंकर घातली. ‘‘आता गैरहजर. रजिस्टरात कायमचे शेहेचाळीस. त्यातून हजर वजा. तू, योले, मी.’’

तो थांबला.

‘‘त्रेचाळीस,’’ झ्देन्का म्हणाली.

लेआर्को खाली येईपर्यंत तो झोपलेल्यांच्या पारड्यात होता. तिथून उचलून आता इकडे बसला होता, आणि एकट्याने दोन्ही पारडी हलवली होती. चव्वेचाळीस हजर, त्रेचाळीस गैरहजर.

लेआर्कोने वहीकडे बघितलं. शाई वाळली होती.

‘‘वर गेलास तर सभा मोडेल,’’ एर्मेते म्हणाला. ‘‘कुणी अडवणार नाही. तो आकडा खोड आणि जा.’’

‘‘खोड?’’ लेआर्को म्हणाला. आवाज दुखावलेला होता. ‘‘मी?’’ तो खुर्चीत बसला. ‘‘कोरम आहे. सभा सुरू. विषय पहिला.’’

परिचारिकांनी टाळ्या वाजवल्या.

‘‘टाळ्या नकोत. मी ठराव मांडतोय, तो ऐका. मंडळ बंद करावं. कारण सांगतो.’’ तो उभा राहिला, झग्याचा पट्टा घट्ट केला. ‘‘या खोलीच्या बरोबर वर माझा पलंग आहे. बावीस वर्षं मी तिथे झोपतोय. पहाटे चारपर्यंत खालून धाड धाड पाय वाजायचे आणि मला छान झोप लागायची. मार्चपासून पाय वाजत नाहीत. शांतता. मी छताकडे बघत पडतो आणि विचार करतो, हा खाली काय करतोय. काय करतोस रे? ग्लास पुसतोस. पुसलेले पुसतोस. ही नाचायची जागा होती. आता दारू मिळणारं स्टेशन झालंय, आणि खरं स्टेशन समोर आहे, तिथे बाकं जास्त. मग बंद करू, आणि तू घरी जाऊन झोप. एवढंच.’’

झ्देन्काने भाषांतर केलं. दलातल्या काहींनी माना डोलावल्या. शिंगवादकानेही डोलावली. पाद्रीबुवांची बहीण स्पष्टच म्हणाली, ‘‘माणूस बरोबर बोलतोय.’’

एर्मेतेला ते कळलं. माणसं जमवली म्हणजे मतं जमली असं नव्हतं. त्याला बोलता येत नसे, बोलायची ती निवेस. आणि लेआर्को खरं बोलला होता. मग एर्मेते निवेसच्या पेटीपाशी गेला आणि तिच्यावरचं कापड काढून घडी करायला लागला. घडी नीट होईना. तबकडीकडे त्याने बघितलं, पण सुई उचलली नाही. तेवढं नाही जमलं. तो अकॉर्डियनवाल्या पोराकडे वळला.

‘‘पोल्का येते?’’

झ्देन्काला भाषांतर करावं लागलं नाही. बोरुत नावाचा तो धिप्पाड गडी पेटी उघडून बसलासुद्धा.

‘‘ऊठ,’’ एर्मेते लेआर्कोला म्हणाला.

‘‘मी चिटणीस आहे. नाच विषयपत्रिकेवर नाही.’’

‘‘विषय तिसरा. इतर.’’

‘‘पहिला झाल्याशिवाय तिसरा?’’

‘‘अध्यक्ष मी आहे. तिसरा आधी घेतो. ऊठ, लेका.’’

बोलोन्यात एक पोल्का आहे, ती बाईला घेऊन नाचायची नाही. दोन पुरुषांनी एकमेकांना घट्ट धरायचं, गुडघे मोडत मोडत जवळजवळ जमिनीला टेकायचं, आणि तसंच उकिडवं गरगर फिरायचं. बसफुगडीच म्हणा, पण जोडीची आणि वाऱ्याच्या वेगाची. विशीत या दोघांनी त्या पोल्कात बक्षीस घेतलं होतं. ज्या रात्री घेतलं त्या रात्री दोघं एकाच मुलीकडे बघून नाचत होते, आणि ती मुलगी निवेस होती.

‘‘माझे गुडघे,’’ लेआर्को म्हणाला.

‘‘माझेपण तेवढेच जुने आहेत.’’

‘‘सपाता आहेत.’’

‘‘घसरायला बऱ्या.’’

सायकली भिंतीला गेल्या, टेबलं सायकलींना गेली. एर्मेतेने त्याला कमरेत धरलं. बोरुतने अकॉर्डियन ओढलं. पहिली फेरी दोघं उभ्यानेच फिरले, दोन बैल घाण्याला जुंपल्यासारखे. दुसऱ्या फेरीला झग्याचा घोळ वर आला. तिसऱ्याला एर्मेते त्याच्या कानात म्हणाला, ‘‘आता,’’ आणि दोघं खाली गेले.

गुडघे कडाकड वाजले, ते अकॉर्डियनच्या वर ऐकू आले. मग वेग आला. दिवे ओढले जाऊन त्यांच्या पट्ट्या झाल्या, लाल जॅकेटांची एक लाल भिंत झाली आणि ती भिंत फिरायला लागली. शिंगवादकाने शिंग काढलं, त्याचा अंदाज शेवटी बरोबर ठरला. एक सपात सुटून मांजराच्या टोपलीवर जाऊन पडली. ‘‘सोडू नकोस,’’ लेआर्को ओरडत होता, ‘‘सोडलंस तर मी भिंतीतून पलीकडे जाईन.’’ एर्मेते सोडत नव्हता. त्याला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि फिरताना दोन्ही कानांकडे जात होतं. कधीतरी तो काउंटरसमोरून फिरला तेव्हा तिथे योले उभी होती, पुढच्या फेरीला योले आणि आणखी कुणी, त्याच्या पुढच्या फेरीला पुन्हा एकटी योले. चक्कर आल्यावर असं दिसतं.

मग सगळेच उठले. परिचारिकांनी डच लोकांना धरलं, पाद्रीबुवांना त्यांच्या बहिणीने धरलं, एकोणीस अग्निशामक एकमेकांना धरून खाली बसले, आणि निम्म्यांना परत उठता आलं नाही.

मत घेतलं तेव्हा अडीच वाजून गेले होते. ठरावाच्या विरुद्ध त्रेचाळीस हात, काही झोपूनच वर झालेले. बाजूने एक. लेआर्कोने स्वतःच्या ठरावाला मत दिलं, कारण मांडणाऱ्याने मत दिलं नाही तर ते बरं दिसत नाही. मात्र हात वर करायला त्याला दुसऱ्या हाताने खांब धरावा लागला.

साडेचारला सगळे गेले. जाताना झ्देन्काने काउंटरवर चषक ठेवला. ‘‘राहू दे काका. परत विसरलो असंच म्हणू.’’ चार बावन्नची गाडी सुटल्याचा आवाज धुक्यातून आला, आणि मंडळाचे सभासद पुन्हा शेहेचाळीस झाले.

लेआर्को एका पायात सपात घालून वहीपुढे बसला होता. त्याने निकाल लिहिला, खाली रेघ मारली आणि डोळे बारीक करून बघत राहिला. रेघ डावीकडून नीट निघून उजवीकडे चांगलीच वर चढली होती. पट्टी न घेता मारल्यासारखी.

‘‘खोड आणि दुसरी मार,’’ योले म्हणाली. ‘‘कोण बघतंय?’’

‘‘खोलीच तिरकी आहे,’’ लेआर्को म्हणाला. त्याने वही मिटली. ‘‘आता मला अकराच्या आत त्रेचाळीस जणांना फोन करावे लागणार, येऊ नका म्हणून. काय सांगू त्यांना?’’

एर्मेते पेटीपाशी उभा होता. कापडाची घडी त्याने खणात टाकली, निवेसच्या कागदांवर, आणि खण लावला.

‘‘सांग, अकराला येऊ नका. रात्री या.’’

‘‘मी झोपणारे रात्री.’’

‘‘झोप की. पाय वाजतील.’’

लेआर्को पायऱ्यांपर्यंत गेला, कठड्याला धरून थांबला, आणि मागे न बघता म्हणाला, ‘‘की बूट घालून येऊ?’’